ऐकू येणारा कायदा

चेन्नईत एखाद्याला ‘पोरंबोक्कू’ म्हटले की भांडणाला तोंड फुटते. निकामी, बिनकामाचा, ज्याचे कुणाला सोयरसुतक नाही असा माणूस, एवढा अपमान त्या एका शब्दात भरलेला आहे. महसुली दप्तरात मात्र त्याला वेगळाच मान आहे. ज्या जमिनीवर सारा बसत नाही, जी कुणा एकाच्या नावावर चढत नाही आणि जी सगळ्यांच्या वापरासाठी राखलेली असते, ती पोरंबोक्कू: तलाव, ओढा, नदीचे पात्र, खाडी, स्मशान, गुरे चारायचे माळरान. आपल्याकडच्या गायरानाचे हे दक्षिणेतले भावंड. सगळ्यांची म्हणून राखलेली जमीन हळूहळू कुणाचीच नाही असे धरले गेले आणि तिचे नाव माणसांना शिवी म्हणून चिकटले.

१४ जानेवारी २०१७ रोजी, पोंगलच्या दिवशी, या शब्दावरचे एक गाणे इंटरनेटवर आले. ‘चेन्नई पोरंबोक्कू पाडल’. कबेर वासुकी यांनी लिहिलेले, कर्नाटक शास्त्रीय संगीताचे गायक टी. एम. कृष्णा यांनी आनंदभैरवी, बेगडा अशा रागांच्या मालिकेत गायलेले आणि उत्तर चेन्नईतील एण्णूर खाडीच्या परिसरात चित्रित केलेले. शास्त्रीय मैफलीला तमिळमध्ये ‘कच्चेरी’ म्हणतात. आपण कचेरी म्हणतो ती सरकारी. या गाण्यात दोन्ही कचेऱ्या एकत्र आल्या. जमीन महसुलाची एक रूक्ष संज्ञा काही मिनिटांत हजारो लोकांना कळली. ती व्याख्यानाने किंवा पुस्तिकेने कळली असती का, याची शंकाच आहे.

गरीब पक्षकारांना मोफत वकील मिळवून देणाऱ्या, वस्त्यांत कायदेविषयक शिबिरे घेणाऱ्या, विधी स्वयंसेवक तयार करणाऱ्या संस्थांपुढचा रोजचा प्रश्न नेमका हाच आहे. कायदा पुस्तकात आहे, शासन निर्णयात आहे, संकेतस्थळावर पीडीएफमध्ये आहे. तो कानापर्यंत कसा न्यायचा? आणि कानापर्यंत गेल्यावर हातून काही घडावे यासाठी आणखी काय लागते?

या प्रश्नाची अनेक उत्तरे चेन्नईच्या अड्यार भागात आणि त्याच्या आसपास, चार-पाच किलोमीटरांच्या पट्ट्यात सापडतात. नदीच्या मुखाशी ऊरूर कुप्पम ही कोळ्यांची वस्ती आहे. नदीकाठानेच पुढे कोट्टूरपुरममध्ये अपंगांच्या हक्कांसाठी लढणारी विद्यासागर ही संस्था आहे. सरदार पटेल रस्त्यावर आयआयटी मद्रासचे फाटक आहे, आणि त्या आवारात भारतीय भाषांना संगणकावर बोलते करणारी ‘एआयफॉरभारत’ ही प्रयोगशाळा आहे. पण या कामाची कायदेशीर मुळे शोधायची तर आधी मुंबईला यावे लागते.

१९८२ साली पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहातील १५ स्त्रियांशी बोलून सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. पोलीस कोठडीत आपल्याला मारहाण झाली, असे त्यांतील ५ जणींनी सांगितले होते. न्यायालयाने पत्रालाच याचिका मानले. निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालक डॉ. ए. आर. देसाई यांना तुरुंगात जाऊन पाहणी करायला सांगितले आणि १५ फेब्रुवारी १९८३ रोजी निकाल दिला. न्या. पी. एन. भगवती यांच्या खंडपीठाचा हा निकाल स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या आणि महिला पोलीस यांसाठी ओळखला जातो. त्यातला एक आदेश मात्र फारसा आठवला जात नाही. अटक झालेल्या माणसाच्या हक्कांचे पत्रक महाराष्ट्र सरकारने मराठीत, तसेच हिंदी आणि इंग्रजीत छापावे. ते प्रत्येक कोठडीत चिकटवावे. आणि माणूस पोलीस ठाण्यात आणताच त्याला समजेल त्या भाषेत ते वाचून दाखवावे.

वाचून दाखवावे, हे दोन शब्द या साऱ्या क्षेत्राचा पाया आहेत. भिंतीवरचा कागद ज्याला वाचता येत नाही, त्याचा हक्क कमी होत नाही, असे न्यायालयाने मानले. भाषा ठरवली, माध्यम ठरवले, जागा ठरवली आणि वेळही ठरवली: आणताक्षणी. आज कुणी संस्था ध्वनिफीत किंवा छोटी चित्रफीत करायला बसते, तेव्हा तिलाही हेच चार प्रश्न सोडवावे लागतात. कोणत्या भाषेत, कशातून, कुठे आणि कधी.

तेरा वर्षांनी, १८ डिसेंबर १९९६ रोजी, डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अटकेसंबंधी ११ दंडक घालून दिले. ते पोलीस ठाण्यात ठळक जागी लावायला सांगितलेच, शिवाय आकाशवाणीवरून आणि दूरदर्शनच्या राष्ट्रीय वाहिनीवरून सांगितल्यास, स्थानिक भाषेत पत्रके वाटल्यास उपयोग होईल, असेही म्हटले. मोबाइल फोन सामान्य माणसाच्या हाती नव्हता, त्या काळातली ही गोष्ट. कायदेविषयक माहितीला आवाज आणि चित्र द्यायला हवे, ही कल्पना अलीकडच्या ॲपवाल्यांची आहे असा समज असेल तर तो या दोन निकालांनी दूर व्हावा.

मोफत वकिलाचा हक्क राज्यघटनेत १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने कलम ३९-अ म्हणून आला. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा. तो अमलात यायला ९ नोव्हेंबर १९९५ उजाडला. राष्ट्रीय, राज्य, जिल्हा आणि तालुका अशी त्याची उतरंड आहे, आणि १५१०० हा त्याचा मदतीचा क्रमांक. कायद्याच्या १२ व्या कलमात कुणाला मोफत मदत मिळते ते दिले आहे. अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, स्त्रिया आणि मुले, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, आपत्तीग्रस्त, कोठडीत असलेली व्यक्ती. यांच्यासाठी उत्पन्नाची अट नाही. उत्पन्नाची मर्यादा बाकीच्यांसाठी आहे.

इथेच सगळ्यात मोठी गफलत होते. ‘मोफत वकील म्हणजे दारिद्र्यरेषेखालच्या लोकांसाठी’ अशी समजूत घट्ट बसली आहे. नवऱ्याची नोकरी बरी आहे म्हणून आपल्याला सरकारी वकील मिळणार नाही, असे मानून घरात बसणारी बाई त्या समजुतीमुळे हक्क गमावते. १९८६ च्या सुक दास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच दुखण्यावर बोट ठेवले होते. अरुणाचल प्रदेशातील त्या आरोपीला वकील मिळाला नव्हता, कारण त्याने मागितला नव्हता. आणि मागितला नव्हता, कारण तसा हक्क आहे हेच त्याला ठाऊक नव्हते. त्याला कुणी सांगितलेही नव्हते. न्यायालयाने शिक्षा रद्द केली आणि कायदेविषयक साक्षरता हे विधी सेवेच्या चळवळीचे मुख्य अंग असल्याचे स्पष्ट केले.

आता प्रत्यक्ष काम पाहू. एखाद्या संस्थेला पोटगीवर तीन मिनिटांची फीत करायची आहे. पहिला मसुदा बहुधा वकील लिहितात, आणि तो कलमापासून सुरू होतो: अमुक संहितेच्या अमुक कलमान्वये पत्नी, अपत्ये व आईवडील निर्वाहासाठी अर्ज करू शकतात. यात चूक काहीच नाही. तरीही ऐकणारी बाई पहिल्या वाक्यालाच गळते. तिचा प्रश्न असा असतो: ‘तो पैसे देत नाही, मी माहेरी आले आहे, आता इथल्या कोर्टात जाता येईल का, की त्याच्या गावी जावे लागेल?’ फितीची सुरुवात त्या प्रश्नापासून झाली तर ती शेवटपर्यंत ऐकते. उत्तरही तिच्या बाजूने आहे: ती जिथे राहते तिथल्या न्यायालयात अर्ज करता येतो. मग लागणारी कागदपत्रे, मग तालुका विधी सेवा समितीचे कार्यालय कुठे असते, आणि कलमाचा आकडा सर्वांत शेवटी, अर्ज लिहिणाऱ्यासाठी.

म्हणून प्रश्न गोळा करणे हे या कामातले सर्वांत मोलाचे काम आहे, आणि सर्वांत दुर्लक्षितही. शिबिरात लोक मंचावरच्या वक्त्याला विचारत नाहीत; शिबिर संपल्यावर चहाच्या टेबलाशी विचारतात. मदतवाहिनीवर येणारे फोन, तालुक्याच्या कार्यालयात येणारे अर्ज, विधी स्वयंसेवकाच्या वहीतल्या नोंदी यांतून तीस-चाळीस खरे प्रश्न निघतात. तेवढ्यांची नीट उत्तरे झाली तरी संस्थेचे वर्षभराचे काम झाले.

मिनिटांचा हिशेबही करावा लागतो. संशोधक फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली एडएक्स या ऑनलाइन शिक्षणमंचावरच्या चार अभ्यासक्रमांतील ६९ लाख वेळा पाहिल्या गेलेल्या चित्रफितींची छाननी केली. फीत कितीही लांब असो, विद्यार्थी मध्यमानाने ६ मिनिटांच्या पलीकडे टिकत नव्हते. ते तर स्वेच्छेने शिकायला आलेले लोक होते. काळजीत असलेला, फोनवर आयुष्यातला पहिलाच कायदेविषयक शब्द ऐकणारा माणूस त्याहून लवकर थकणार. शिवाय डेटाचा खर्च आहे. साध्या बोलण्याची तीन मिनिटांची ध्वनिफीत ३२ केबीपीएस दराने साठवली तर पाऊण एमबीच्या आत बसते. तेवढ्याच लांबीची मध्यम दर्जाची चित्रफीत सहज २० एमबी ओलांडते. पहिली व्हॉट्सॲपवर एका गावातून दुसऱ्या गावात सहज जाते. दुसरी गोल गोल फिरत राहते आणि माणूस नाद सोडतो. चित्र जिथे खरोखर लागते तिथेच वापरावे. अर्जाचा नमुना कसा भरायचा, सातबाऱ्यावर इतर हक्काचा रकाना कुठे असतो, एफआयआरची प्रत कशी दिसते, हे दाखवायलाच हवे. वकील खुर्चीत बसून बोलताना दाखवण्यात काही हशील नाही.

आवाज पुरेसा असतो, ही गोष्ट सामुदायिक रेडिओने आधीच ओळखली होती. अड्यारपासून जवळच, गिंडीत, अण्णा विद्यापीठाचे ‘अण्णा एफएम’ १ फेब्रुवारी २००४ रोजी सुरू झाले; देशातले अशा प्रकारचे ते पहिले केंद्र. साताऱ्यातील म्हसवडची ‘माणदेशी तरंग वाहिनी’ त्याच वाटेवरची. अशा केंद्रांवर बोलणारा माणूस ऐकणाऱ्याच्याच पंचक्रोशीतला असतो. त्याच्या हेलावरून विश्वास बसतो.

भाषेचा प्रश्न मात्र हेलापुरता नाही, आणि इथे आयआयटीच्या फाटकातून आत जावे लागते.

आयआयटी मद्रासने इतर आयआयटींच्या साथीने २००३ पासून एनपीटीईएलच्या रूपाने अभियांत्रिकीची व्याख्याने चित्रफितींतून देशभर पोचवली. पुढे त्या व्याख्यानांचे मजकूर मराठी आणि तमिळसह अनेक भाषांत आले. याच संस्थेत मितेश खापरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘एआयफॉरभारत’ उभी केली. जुलै २०२२ मध्ये तिथे निलेकणी केंद्र सुरू झाले. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील सर्व २२ भाषांत भाषांतर करणारी ‘इंडिकट्रान्स २’ ही प्रणाली २०२३ साली त्यांनी सर्वांसाठी खुली केली. चित्रफितीतले बोलणे उतरवून घ्यायचे, त्याचे भाषांतर करायचे, दुसऱ्या भाषेत आवाज चढवायचा, यासाठी ‘चित्रलेखा’ नावाचे मुक्त साधनही त्यांच्याकडे आहे. लहान संस्थेला हे वरदानच. तमिळमध्ये झालेली चांगली फीत मराठीत आणायला आता स्टुडिओ लागत नाही.

त्यांच्या ‘इंडिकव्हॉइसेस’ या आवाजसंग्रहाची आकडेवारी विचारात पाडणारी आहे. २०२४ च्या शोधनिबंधानुसार १४५ जिल्ह्यांतील १६,२३७ लोकांचे ७,३४८ तासांचे बोलणे त्यात होते, आणि त्यातले सुमारे तीनचतुर्थांश वाचून दाखवलेले नव्हे तर आपसूक बोललेले होते. पोलीस ठाण्यासमोर उभा असलेला माणूस वाचून दाखवल्यासारखा बोलत नाही. तो अडखळतो, मध्येच रडतो, तीन वाक्ये एकात घालतो. त्याचे बोलणे यंत्राला समजायचे असेल तर यंत्राने तसेच बोलणे आधी ऐकलेले असावे लागते.

याच प्रयोगशाळेच्या भाषा-प्रणाली, ओपनन्याय हा गट आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या मेळातून २०२३ साली ‘जुगलबंदी’ हा व्हॉट्सॲपवर बोलणारा सहायक तयार झाला. हरियाणातील बिवान गावात तो पहिल्यांदा वापरून पाहिला गेला. माणसाने आपल्या भाषेत विचारायचे. प्रश्नाचे इंग्रजी भाषांतर होऊन सरकारी योजनांच्या माहितीत शोध होतो आणि उत्तर परत त्याच्या भाषेत येते. सुरुवातीला १० भाषा आणि १७१ योजना एवढा त्याचा आवाका होता.

कायद्याच्या बाबतीत हा प्रवास जपून करावा लागतो, कारण इंग्रजीतून जाऊन येणाऱ्या शब्दाचा अर्थ वाटेत निसटू शकतो. ‘मेंटेनन्स’ म्हणजे कोर्टात पोटगी आणि सोसायटीत देखभाल खर्च. ‘कंपाउंडेबल’ गुन्हा म्हणजे आपसात मिटवता येण्याजोगा. शब्दकोश धुंडाळणारे यंत्र त्याला चक्रवाढीकडे नेऊ शकते. ‘कॉग्निझेबल’ला मराठीत दखलपात्र हा नेमका शब्द आहे, पण गावात तो कुणी वापरत नाही. गावात म्हणतात, ‘साहेबांनी एनसी घेतली.’ एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद, तिच्यावर पोलीस न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत, हे ज्याला माहीत नाही तो ‘कंप्लेंट तर घेतली’ या समाधानात महिनोन्‌महिने वाट पाहतो. चांगल्या फितीत आधी लोकांचा शब्द येतो, मग त्याच्या शेजारी कायद्याचा. भाषांतर यंत्राने करावे. तपासणी मात्र त्या भाषेत प्रत्यक्ष खटले चालवणाऱ्या वकिलाने आणि एका बिगर-वकिलाने, दोघांनीही करावी. यातला दुसरा सहसा वगळला जातो.

मराठी आणि तमिळ यांच्यात या बाबतीत एक अनपेक्षित सोयही आहे. तमिळ माणूसही वकिलाला वक्कील म्हणतो, जामिनाला जामीन म्हणतो, तालुका आणि तहसीलदार हे शब्द त्याच्याही तोंडी आहेत. कोर्टकचेरीची फारसी-अरबी शिदोरी दोघांनीही बांधून घेतली.

आयआयटीतून कोट्टूरपुरमला आले की प्रश्न आणखी रुंदावतो. १९८५ साली पूनम नटराजन यांनी सुरू केलेली विद्यासागर ही संस्था सेरेब्रल पाल्सी आणि इतर अपंगत्व असलेल्या मुलांसोबत काम करते, आणि अपंगत्वविषयक कायद्यांवर काम करणारा वेगळा विभाग तिने चालवला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वे मोजली आहेत. त्या कायद्यातली ‘संप्रेषणा’ची व्याख्या मात्र आशय तयार करणाऱ्या प्रत्येकाने समोर चिकटवावी अशी आहे. ब्रेल, मोठ्या अक्षरातली छपाई, खुणांची भाषा, सोपी भाषा, वाचून दाखवणारा माणूस आणि सर्वांना वापरता येईल असे बहुमाध्यम साहित्य, हे सगळे तिथे नावानिशी आले आहे. शीला बारसे खटल्यातले ‘वाचून दाखवावे’ इथे संसदेच्या कायद्यात पोचले. तरी आजही कितीतरी संस्थांची माहितीपत्रके स्कॅन केलेल्या चित्राच्या रूपात असतात. अंध माणसाच्या फोनमधले वाचन-सॉफ्टवेअर त्यापुढे मुके होते. मथळे नसलेली फीत बहिऱ्या माणसाला निरुपयोगी. दुरुस्ती स्वस्तात होते. आधीच तयार असलेली संहिता मथळ्यांच्या फाइलीत उतरवली की अर्धे काम झाले.

आतापर्यंतची चर्चा माहितीची झाली. प्रशिक्षण ही त्याहून अवघड बाब आहे. विधी स्वयंसेवकाला कायदा माहीत असून भागत नाही. ठाणे अंमलदारासमोर उभे राहून, आवाज न चढवता, एफआयआर नोंदवून घ्यायला लावता आले पाहिजे.

अड्यारला प्रशिक्षणाचा एक जुना इतिहास आहे. नोव्हेंबर १९३९ मध्ये मारिया माँटेसरी थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून इथे आल्या. भारताच्या कानाकोपऱ्यातून आलेल्या शेकडो शिक्षकांना त्या इटालियनमध्ये शिकवत आणि त्यांचा मुलगा मारिओ इंग्रजीत भाषांतर करत असे. झावळ्यांच्या झोपड्यांत वर्ग भरले. महायुद्धामुळे इटालियन नागरिक म्हणून मारिओला ब्रिटिशांनी स्थानबद्ध केले, पुढे सोडलेही. दुभाष्यामार्फत चाललेले ते प्रशिक्षण फळले, कारण त्यात शिक्षकांना वस्तू स्वतः हाताळायच्या होत्या. भाषा अडली तर हात शिकत होते.

ऑनलाइन अभ्यासक्रमात हे हातांचे शिकणे कुठून आणायचे? बरेच अभ्यासक्रम व्याख्यान दाखवतात, शेवटी पाच पर्यायी प्रश्न विचारतात आणि प्रमाणपत्र छापतात. त्याने स्वयंसेवक तयार होत नाही. प्रसंग घालून देणे हा त्याहून बरा मार्ग. समजा, पडद्यावर एक बाई सांगते आहे की नवऱ्याने मारले, पण ठाण्यात ‘घरगुती भांडण आहे, मिटवून घ्या’ म्हणाले. पुढे काय कराल? एक पर्याय निवडला की प्रसंग पुढे सरकतो. चुकीचा निवडला तर त्याचा परिणाम दिसतो. पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार पाठवण्याचा मार्ग कायद्यात आहे, त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्याकडे जाण्याचा आहे, आणि एफआयआरची प्रत तक्रारदाराला विनाशुल्क मिळते, हे त्या ओघात मनात ठसते. शिकागो-केंट विधी महाविद्यालय आणि ‘काली’ ही संस्था यांनी केलेल्या ‘ए टू जे ऑथर’ या साधनात एका पडद्यावर एकच प्रश्न येतो आणि पक्षकाराचे चित्र पायवाटेने कोर्टाच्या इमारतीकडे चालत जाते. शेवटी भरलेला अर्ज हाती येतो. मूडलसारख्या मुक्त प्रणालीवरही असे प्रसंग बांधता येतात. त्याला पैसा फार लागत नाही. अनुभवी स्वयंसेविकेचे चार दिवस मात्र लागतात, कारण चुकीचे पर्याय तिलाच ठाऊक असतात.

आणि मग १ जुलै २०२४ उजाडला.

त्या दिवशी भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम आले. देशभरच्या संस्थांनी वर्षानुवर्षे तयार केलेल्या फिती, पुस्तिका, भित्तिपत्रके एका रात्रीत जुनी झाली. पोटगीचे १२५ आता १४४ झाले. एफआयआरचे १५४ आता १७३. ४९८-अ हा तर मराठीत सामान्यनामासारखा रुळलेला आकडा. तो ८५ आणि ८६ मध्ये गेला. आरोपीला सरकारी खर्चाने वकील देण्याचे ३०४ आता ३४१ आहे. आकडे बदलले तेवढेच असते तर पट्टी चिकटवून भागले असते, पण काही ठिकाणी आशयही बदलला. इलेक्ट्रॉनिक मार्गाने खबर देता येते, मात्र ३ दिवसांत सही करावी लागते. यापूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एकतृतीयांश काळ तुरुंगात काढला असेल तर त्याला जामिनाची वाट कलम ४७९ ने मोकळी केली, जन्मठेप किंवा फाशीचे गुन्हे आणि एकाहून अधिक प्रकरणांत अडकलेले कैदी वगळून. त्यातच जुने साहित्य फेकूनही देता येत नाही, कारण १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना दंड संहिताच लागू राहते. स्वयंसेवकाला दोन्ही आकडे माहीत असावे लागतात आणि आधी तारीख विचारावी लागते.

ज्या संस्थांनी कलमांचे आकडे निवेदकाच्या आवाजात न बोलता वेगळ्या पाटीवर ठेवले होते, त्यांनी फक्त पाटी बदलली. ज्यांनी पंधरा मिनिटांच्या सलग फितीत सगळे ओतले होते, त्यांना पुन्हा स्टुडिओ गाठावा लागला. प्रत्येक फितीवर ‘अमुक तारखेपर्यंत तपासलेली’ असे लिहिणे किती महत्त्वाचे आहे, हे या एका तारखेने शिकवले. व्हॉट्सॲपवर फिरणारी जुनी फीत कुणी परत बोलावू शकत नाही. निदान तिच्यावर तिचे वय लिहिलेले असावे.

ऊरूर कुप्पमकडे परत जाऊ. तिथल्या कोळ्यांपैकी के. सरवणन यांनी चेन्नईच्या कोस्टल रिसोर्स सेंटरबरोबर वस्त्यांचे नकाशे करण्याचे काम केले. जाळी कुठे वाळवतात, होड्या कुठे ओढतात, मासळी कुठे सुकवतात, हे जीपीएसने टिपून नकाशावर आणायचे. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेनुसार किनारा व्यवस्थापन आराखड्यात मासेमारी वस्त्या आणि त्यांच्या वापराच्या जागा दाखवणे बंधनकारक होते. सरकारी नकाशात त्या दिसल्या नाहीत तर त्या जागा कागदावर मोकळ्या ठरतात. म्हणजे पुन्हा पोरंबोक्कूच, कुणाचीच नसलेली. गाण्याने शब्दाचा अर्थ परत मिळवला. नकाशाने त्या अर्थाला अक्षांश-रेखांश दिले. मुंबईच्या कोळीवाड्यांच्या सीमांकनाचा वाद ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना या कामाची किंमत वेगळी सांगायला नको. बहुमाध्यम प्रशिक्षण म्हणतात ते याहून नेमके क्वचितच दिसते: शिकणाऱ्याने तयार केलेली वस्तूच पुरावा म्हणून उपयोगी पडते.

या सगळ्याची कसोटी अखेर पोलीस ठाण्यातच लागते. सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी भागातले गलाई व्यावसायिक, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करणारे कारागीर, पिढ्यान्‌पिढ्या तमिळनाडूच्या गावोगावी दुकाने थाटून आहेत. समजा, चोरीचा माल घेतल्याच्या संशयावरून त्यांच्यातल्या एका नव्याने आलेल्या मुलाला रात्री ठाण्यात आणले. त्याला तमिळ जेमतेम येते, अंमलदाराला मराठी येत नाही. ६ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातून आलेल्या एका खटल्यात स्पष्ट केले की अटकेची कारणे लेखी, आणि अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत द्यायला हवीत, गुन्हा कोणताही असो. लगेच शक्य नसेल तर आधी तोंडी सांगावीत आणि न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नेण्याच्या किमान दोन तास आधी लेखी द्यावीत. तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाचा तो निकाल.

त्या मुलाच्या भाषेतला तो कागद रात्री दोन वाजता कोण लिहिणार? भाषांतराची प्रणाली चेन्नईच्या आयआयटीत तयार झालेली आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे वकिलांची यादी आहे. मधला दुवा म्हणजे एक तपासलेला मराठी नमुना, एक मराठी ध्वनिफीत आणि ठाण्यात फोन घेऊन पोचणारा, ती कुठे साठवली आहे हे माहीत असलेला स्वयंसेवक. ध्वनिफीत दीड मिनिटाची पुरते. तुला का आणले ते लेखी माग. २४ तासांच्या आत तुला न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नेले पाहिजे. घरी कळवण्याचा आणि वकिलाला भेटण्याचा तुला हक्क आहे. न समजणाऱ्या कागदावर सही करू नकोस. फोन: १५१००.